स्कँडिनेव्हियातील वनस्पती-अभ्यास आणि वनसंवर्धन

स्कँडिनेव्हिया हा उत्तर युरोपातील नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्क या तीन देशांचा प्रदेश आहे. येथील रानवनस्पतींचा पद्धतशीर अभ्यास अठराव्या शतकात सुरू झाला. वनस्पतींच्या नामकरणाची आज जगभर वापरली जाणारी द्विनाम पद्धती याच प्रदेशात रूढ झाली. युरोपातील पहिली राष्ट्रीय उद्याने आणि राष्ट्रीय पातळीवरील पहिली वनगणनाही येथेच झाली. स्वीडनचा सुमारे ७० टक्के भूभाग आज वनाच्छादित आहे. मात्र त्यातील बहुतांश वन लाकूड उत्पादनासाठी वाढवलेले असून मानवी हस्तक्षेपापासून दीर्घकाळ मुक्त राहिलेले जुने वन अल्प उरले आहे. त्यामुळे येथील संवर्धनाचा प्रश्न केवळ वनक्षेत्र वाढवण्याचा नसून वनाचा नैसर्गिक दर्जा टिकवण्याचा आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

शेवटच्या हिमयुगात जवळजवळ संपूर्ण स्कँडिनेव्हिया बर्फाच्या जाड थराखाली होता. बर्फ मागे हटल्यावर सुमारे गेल्या दहा ते बारा हजार वर्षांत वनस्पती दक्षिणेकडून व पूर्वेकडून येथे पसरल्या. त्यामुळे केवळ याच प्रदेशात आढळणाऱ्या प्रदेशनिष्ठ जाती थोड्या आहेत. डेन्मार्क व दक्षिण स्वीडनमध्ये बीच, ओक यांसारख्या रुंद पानांच्या वृक्षांची पानझडी वने आहेत. उत्तरेकडे स्प्रूस व पाइन या सूचिपर्णी वृक्षांचा तैगा पसरला आहे. पर्वतांवर वृक्षरेषेलगत बर्चची खुरटी वने असून त्यापलीकडे झुडपे, हरिता व दगडफूल यांनी व्यापलेला उघडा प्रदेश लागतो.

अभ्यासाचा इतिहास

लिनेयस व त्याचे समकालीन

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनेयस (१७०७–१७७८) याने १७३२ मध्ये लॅपलँडचा प्रवास केला. या प्रवासात त्याने वनस्पतींच्या नोंदींबरोबरच सामी लोक त्यांचा अन्न, औषध व अंथरूण म्हणून कसा उपयोग करतात याचीही टिपणे ठेवली. या सामग्रीवर आधारलेला ‘फ्लोरा लॅपोनिका’ हा ग्रंथ १७३७ मध्ये प्रसिद्ध झाला. १७५३ च्या ‘स्पिशीज प्लँटॅरम’ या ग्रंथात त्याने प्रत्येक वनस्पतीला प्रजाती व जाती दर्शवणारे दोन शब्दांचे नाव सातत्याने दिले. पिंपळ (फायकस रिलिजिओसा), वड (फायकस बेंगालेन्सिस) व आंबा (मँजिफेरा इंडिका) या महाराष्ट्रातील परिचित वृक्षांची शास्त्रीय नावेही याच ग्रंथातील आहेत. उत्तरेकडील वनांत जमिनीलगत वाढणारी व जोडीने गुलाबी फुले धरणारी ‘लिनिया बोरिआलिस’ ही वनस्पती त्याच्या नावाने ओळखली जाते.

नॉर्वेतील ट्रोनहाइम येथील बिशप योहान एर्न्स्ट गुन्नेरुस याच्या ‘फ्लोरा नॉर्व्हेजिका’ या ग्रंथाचा पहिला भाग १७६६ मध्ये निघाला. डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने १७६१ मध्ये सुरू झालेला ‘फ्लोरा डॅनिका’ हा सचित्र ग्रंथ पूर्ण होण्यास १८८३ साल उजाडले. त्या काळी नॉर्वे डेन्मार्कच्या राजसत्तेखाली असल्याने त्यात नॉर्वेच्या वनस्पतीही समाविष्ट आहेत. लिनेयसचा विद्यार्थी एरिक आखारियस याने दगडफुलांच्या वर्गीकरणाचा पाया घातला. पुढे वनसंवर्धनात दगडफुलांना मोठे महत्त्व आल्याने त्याचे कार्य विशेष उपयोगी ठरले.

परिस्थितिविज्ञान व परागकण-विश्लेषण

डॅनिश शास्त्रज्ञ ऑइगेन वार्मिंग याने १८९५ मध्ये वनस्पती-समुदायांवरील ग्रंथ लिहून वनस्पती-परिस्थितिविज्ञानाला स्वतंत्र शास्त्राचे रूप दिले. त्यानंतर क्रिस्टेन राउनकिएर याने थंडी वा दुष्काळासारख्या प्रतिकूल ऋतूत वनस्पतीच्या कळ्या जमिनीपासून किती उंचीवर वा खोलीवर टिकून राहतात, यावरून वनस्पतींचे जीवनरूपानुसार वर्गीकरण केले.

स्वीडिश भूशास्त्रज्ञ लेनार्ट फॉन पोस्ट याने १९१६ मध्ये परागकण-विश्लेषणाची संख्यात्मक पद्धत मांडली. दलदलींतील पीटच्या थरांत परागकण हजारो वर्षे टिकतात. प्रत्येक थरातील निरनिराळ्या वृक्षांच्या परागकणांचे प्रमाण मोजले, की त्या काळचे वन कसे होते याचा अंदाज बांधता येतो. प्रत्यक्ष अवशेषांच्या कालमापनाने या चित्रात काही दुरुस्त्याही झाल्या आहेत. स्वीडनच्या फुलुफ्येलेत पर्वतावरील ‘ओल्ड चिक्को’ या स्प्रूस वृक्षाखालील अवशेषांचे वय कार्बन-कालमापनाने सुमारे ९,५५० वर्षे ठरले आहे. या वृक्षाचे दिसणारे खोड तुलनेने तरुण आहे. जुने खोड मेल्यावर त्याच मुळांपासून नवे खोड फुटत आले आहे. स्प्रूस या पर्वतरांगेत पूर्वीच्या समजापेक्षा बराच आधी पोहोचला होता, असे यावरून दिसते.

वनांचा ऱ्हास व वनविषयक कायदे

जहाजबांधणी, जळण, शेती व गुरांची चराई यांमुळे १८०० च्या सुमारास डेन्मार्कमधील वने जवळजवळ नष्ट झाली होती. १८०५ च्या राजाज्ञेने उरलेली वने राखीव करून त्यांत चराईला बंदी घालण्यात आली. त्यानंतरच्या लागवडीमुळे आज देशाचे वनक्षेत्र सुमारे १५ टक्क्यांपर्यंत पोहोचले आहे. स्वीडनमध्ये लोखंडाच्या भट्ट्यांसाठी लागणारा कोळसा व डांबर यांकरिता, तसेच एकोणिसाव्या शतकात लाकूड-गिरण्यांसाठी मोठी वृक्षतोड झाली. १९०३ च्या कायद्याने तोडीनंतर वनाचे पुनरुज्जीवन करणे मालकांवर बंधनकारक झाले.

वनांत नेमके किती लाकूड उरले आहे हे कळावे म्हणून नॉर्वेने १९१९ मध्ये व स्वीडनने १९२३ मध्ये राष्ट्रीय वनगणना सुरू केली. ठरावीक अंतरावरील नमुना-क्षेत्रांत वृक्षांची मोजणी करण्याची ही पद्धत आजही चालू आहे. आता तिच्यात मृत लाकूड व जमिनीवरील वनस्पती यांच्याही नोंदी होतात.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून संपूर्ण पट्टा एकदम तोडून तेथे एकाच वयाची झाडे लावण्याची सरसकट तोडीची पद्धत सर्वत्र रूढ झाली. तिच्यामुळे लाकडाचा साठा वाढला. परंतु वृद्ध वृक्ष, पडलेली कुजकी खोडे व सावलीची सलगता यांवर जगणाऱ्या जातींचा आधार नाहीसा होऊ लागला. १९९३ मध्ये स्वीडनने वनकायद्यात बदल करून उत्पादन व पर्यावरण या दोन्ही उद्दिष्टांना समान दर्जा दिला.

संरक्षित क्षेत्रे

स्वीडनने १९०९ मध्ये नऊ राष्ट्रीय उद्याने स्थापन केली. ती युरोपातील पहिली राष्ट्रीय उद्याने होत. त्यांत उत्तरेकडील सारेक व अबिस्को यांचा समावेश होतो. नॉर्वेचे पहिले राष्ट्रीय उद्यान, रोन्डाने, १९६२ मध्ये स्थापन झाले. नॉर्वेच्या संसदेने २०१६ मध्ये देशातील १० टक्के वन संरक्षित करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले.

एंग्सोचा धडा

१९०९ च्या उद्यानांपैकी एंग्सो हे स्टॉकहोमजवळील एक लहान बेट असून ते फुलांनी बहरणाऱ्या कुरणांसाठी प्रसिद्ध होते. संरक्षण म्हणजे मानवी हस्तक्षेप पूर्णपणे थांबवणे, या त्या काळच्या समजुतीनुसार तेथील गवतकापणी व चराई बंद करण्यात आली. परिणामी झुडपे व झाडे माजली आणि ज्या फुलांसाठी उद्यान केले तीच कमी होऊ लागली. ही कुरणे शेकडो वर्षांच्या शेतकी वहिवाटीतून घडली होती, हे तेव्हा ध्यानात आले. पुढे झाडोरा काढून कापणी व चराई पुन्हा सुरू करण्यात आली. अस्पर्शित वन व माणसाने घडवलेले कुरण यांना निरनिराळे व्यवस्थापन लागते, हे तत्त्व या अनुभवातून दृढ झाले.

जुन्या वनांचा शोध व सूचक जाती

एखादे वन खरोखर जुने आहे की नाही, हे केवळ झाडांच्या उंचीवरून कळत नाही. काही दगडफुले, कवके, हरिता व आमरी यांना दीर्घकाळ न बदललेला अधिवास लागतो. त्यांच्या उपस्थितीवरून वनाचे नैसर्गिक मूल्य ताडता येते. अशा जातींना सूचक जाती म्हणतात. उत्तर स्वीडनमधील योक्मोक्क येथे स्थानिक निसर्गप्रेमींच्या ‘एक पाऊल पुढे’ अशा अर्थाच्या नावाच्या गटाने १९८० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. तोड होण्याआधी वनात पोहोचून मूल्यवान जागा दाखवून देणे, हा तिचा हेतू होता. १९९३ पासून स्वीडनच्या वनखात्याने ‘मुख्य अधिवासां’ची देशव्यापी पाहणी सुरू केली.

या पाहणीतून वादही निर्माण झाला. स्वीडनमधील सुमारे निम्मे वन खाजगी व्यक्तींच्या मालकीचे आहे. मुख्य अधिवासाची नोंद झाली म्हणजे कायद्याने तोड आपोआप थांबत नाही. परंतु पर्यावरण-प्रमाणपत्र घेतलेल्या कंपन्या तेथील लाकूड विकत घेत नाहीत. त्यामुळे भरपाईशिवाय नुकसान सोसावे लागते, अशी मालकांची तक्रार असते. तर नोंद टळली की दुर्मीळ जातींचे शेवटचे आश्रयस्थान नष्ट होते, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे.

सामी समाज व दगडफुले

रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांसाठी हा प्रश्न उपजीविकेचा आहे. हिवाळ्यात बर्फ उकरून जमिनीवरील दगडफूल खाणे हा रेनडिअरचा मुख्य आहार असतो. वनगणनेच्या नोंदींवर आधारित २०१६ च्या एका अभ्यासानुसार, उत्तर स्वीडनमधील विपुल दगडफूल असलेल्या वनांचे क्षेत्र सुमारे ६० वर्षांत ७१ टक्क्यांनी घटले. दाट लागवडीमुळे जमिनीवर पोहोचणारा प्रकाश कमी होणे, हे त्याचे एक कारण आहे.

वणवा व बीजसाठा

वणव्यांचे कडक नियंत्रण केल्याने आगीवर अवलंबून असलेल्या जाती दुर्मीळ झाल्या. जिरेनियम प्रजातीतील काही वनस्पतींचे बी मातीत अनेक दशके सुप्त राहते व आगीच्या उष्णतेनंतरच रुजते. २०१४ मध्ये स्वीडनच्या व्हेस्टमनलांड प्रांतात १३,००० हेक्टरांहून अधिक वन जळाले. त्यातील काही भाग नैसर्गिक पुनर्वाढीच्या अभ्यासासाठी राखीव ठेवण्यात आला. आता काही संरक्षित वनांत नियंत्रित आग मुद्दाम लावली जाते.

लोकसहभाग व भ्रमणाधिकार

कोणालाही दुसऱ्याच्या वनात पायी हिंडण्याचा, तसेच रानफळे व अळंबी वेचण्याचा परंपरागत अधिकार नॉर्वे व स्वीडनमध्ये आहे. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने तो निश्चित झाला, तर स्वीडनच्या राज्यघटनेत १९९४ पासून त्याचा उल्लेख आहे. संरक्षित वनस्पती तोडण्याची मुभा या अधिकारात नाही. स्वीडनमध्ये सर्व रानटी आमरींना कायद्याचे संरक्षण आहे. वनाशी असलेल्या या परिचयामुळे हौशी अभ्यासकांची संख्या मोठी आहे. त्यांनी संकेतस्थळांवर पाठवलेल्या नोंदी संकटग्रस्त जातींची ‘लाल यादी’ तयार करताना उपयोगी पडतात. स्वीडनमध्ये हे काम उप्साला येथील जाती-माहिती केंद्र, तर नॉर्वेत ट्रोनहाइम येथील केंद्र करते. स्वीडनची यादी २००० पासून दर पाच वर्षांनी नव्याने प्रसिद्ध होते.

हवामानबदलाचे परिणाम

नॉर्वेच्या योटुनहाइमेन भागातील २३ पर्वतांवरील वनस्पतींची नोंद १९३०–३१ मध्ये झाली होती. १९९८ मध्ये त्याच पर्वतांची पुन्हा पाहणी केली असता १९ पर्वतांवर जातींची संख्या वाढलेली आढळली. सखल भागातील वनस्पती वर सरकत असल्याचे हे लक्षण मानले जाते. जातींची संख्या वाढली तरी शिखरांवरील थंडीप्रिय वनस्पतींना सरकण्यास आणखी वरची जागा नसते. सखल वनांतही परिणाम दिसतात: २०१८ च्या तीव्र दुष्काळानंतर दक्षिण स्वीडनमध्ये साल पोखरणाऱ्या भुंग्यांनी स्प्रूसची मोठी हानी केली. एकाच जातीच्या लागवडीपेक्षा मिश्र वन अधिक तग धरते का, हा त्यामुळे तेथील वनशास्त्रातील महत्त्वाचा विषय बनला आहे.

हे सुद्धा पहा

कार्ल लिनेयस
तैगा
द्विनाम पद्धती
सामी लोक