सुवेझचा कालवा : पैसा कुणाचा, घाम कुणाचा?

सुवेझचा कालवा कोणी काढला, असे विचारले की फर्दिनांद द लेसेप्स हे एकच नाव पुढे येते. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना मात्र खोड अशी की, खणले कोणी आणि पैसे कोणी भरले, हे आधी विचारायचे.

लेसेप्स हा इंजिनिअर नव्हे, माजी फ्रेंच वकील. इजिप्तचा सत्ताधीश सैद पाशा त्याच्या जुन्या ओळखीचा. ३० नोव्हेंबर १८५४ रोजी सैदने त्याला सनद दिली. १८५८ साली कंपनी निघाली. पाचशे फ्रँकचा एक, असे चार लाख शेअर. निम्म्याहून अधिक फ्रान्सात खपले. इंग्लंडने पाठ फिरवली, आणि शेवटी सुमारे १,७७,००० शेअर सैदच्याच गळ्यात पडले.

इंग्लंडचे पोट का दुखले? हिंदुस्थानच्या वाटेवर फ्रेंच येऊन बसतील, ही पामर्स्टनची धास्ती. शिवाय अलेक्झांड्रिया–कैरो ही इंग्रज इंजिनिअरांनी बांधलेली आगगाडी १८५८ पर्यंत सुवेझला पोचली होती व मुंबईचे टपाल त्याच वाटेने जाई.

२५ एप्रिल १८५९ ला पहिली कुदळ पडली. पाचांतले चार मजूर इजिप्तचे असावेत, अशी अटच होती. ऐकायला किती गोड! प्रत्यक्षात सरकारी हुकुमाने खेड्यांतले शेतकरी वेठीला धरले. वीस हजार खणताहेत, वीस हजार वाटेवर आहेत, वीस हजार घरी परतताहेत, असा तो रहाटगाडा. मजुरी मिळे, 'येत नाही' म्हणण्याची सोय नव्हती.

मग लंडनला या वेठीचा कळवळा आला. इंग्रजांच्या आगगाडीचे रूळ वेठीनेच पडले, तेव्हा तो कुठे होता, कोण जाणे. ते असो. १८६३ साली गादीवर आलेल्या इस्माईलने वेठ बंद करायचे ठरवले, तशी कंपनीने भरपाई मागितली. पंच कोण? फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन! १८६४ च्या निवाड्यात इजिप्तने कंपनीला ८ कोटी ४० लाख फ्रँक द्यावेत असे ठरले. त्यांतले ३ कोटी ८० लाख निव्वळ वेठीचे मजूर यापुढे मिळणार नाहीत म्हणून. आम्ही आयुष्यभर वाटाघाटी केल्या, पण वेठबिगारीची किंमत इतकी उघड कागदावर मांडलेली पाहिली नाही.

पुढे वाफेच्या यंत्रांनी गाळ उपसला व १७ नोव्हेंबर १८६९ रोजी कालवा खुला झाला. मुंबई लंडनला हजारो मैलांनी जवळ आली. इजिप्त मात्र कर्जात बुडाले. १८७५ साली इस्माईलने आपले १,७६,६०२ शेअर विकायला काढले, आणि डिझरायलीने रॉथ्सचाइल्डकडून उसने घेऊन सुमारे चाळीस लाख पौंडांना ते इंग्लंडसाठी उचलले. सात वर्षांनी, १८८२ साली, इंग्रजी फौज इजिप्तवर चालून गेली. ती इस्माइलियाला उतरली ती कालव्यातूनच.