पोकिप्सीतली आपली लेक आणि वंशावळीतली रिकामी चौकट

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरून हडसन नदीच्या काठाकाठाने जाणारी लोकल पोकिप्सीला थांबते. तिचं हे शेवटचं स्टेशन. या गावच्या जुन्या दफनभूमीत कार्पेंटर घराण्याची जागा आहे आणि तिथे, सगळ्या अमेरिकन नावांमध्ये, एका दगडावर आनंदीबाई जोशी हे नाव कोरलेलं आहे. खाली १८६५ ते १८८७. म्हणजे पुरी बावीस वर्षंही नाहीत.

आनंदीबाईंची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ असते. श्री. ज. जोशींची कादंबरी, २०१९ सालचा चित्रपट, यांनी ती घरोघरी पोचवली. कल्याणची यमुना नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न होऊन आनंदी झाली. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं. १८८३ साली, अठरा वर्षांची असताना, ती कलकत्त्याहून बोटीने, गोपाळरावांना मागे ठेवून निघाली. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. झाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूकही झाली. पण क्षयाने पोखरलेलं शरीर घेऊन ती परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेली.

मग रक्षा इथे कशी? न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तिला मुलीसारखं घरात ठेवून घेतलं होतं. आनंदी त्यांना मावशी मानायची. तिच्या निधनानंतर गोपाळरावांनी रक्षा या मावशीकडे पाठवली आणि मावशीने ती आपल्या घराण्याच्या जागेत ठेवली. आनंदीला मूलबाळ नव्हतं. पुढे तिचं नाव घेणारा वंश नव्हता. तो एका परक्या कुटुंबाने दिला, असं मला वाटतं.

पण या गोष्टीत आणखी एक बाई आहे. गोपाळराव बिजवर होते. त्यांची पहिली बायको वारली होती, म्हणून आनंदी त्या घरात आली. त्या पहिलीचं नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

हा प्रश्न मला टोचतो, कारण आमच्याही घरात अशीच एक ‘पहिली’ होती. माझ्या वडिलांची सख्खी आई. वडील दोन वर्षांचे असताना, १९३८च्या सुमारास, ती दुसऱ्या बाळंतपणात गेली. आजोबांनी दुसरं लग्न केलं. त्या आजीने वडिलांना पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि आमच्यासाठी आजी म्हणजे तीच. पहिलीचा उल्लेख झालाच तर ‘थोरली’ एवढाच.

दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीला दिवस गेले, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी तिला विचारलं, घराण्यात कुणाला बाळंतपणात काही गंभीर त्रास झाला होता का? लेकीने मला विचारलं. मी पुण्याला आत्याला व्हॉट्सॲप कॉल लावला. आत्या आता शहाऐंशीची, धाकट्या आजीची मुलगी. ती म्हणाली, “बाळंतरोग म्हणायचे गं. ताप उतरलाच नाही. जास्त कुणी बोलायचं नाही. आईसमोर तिचं नाव कसं काढायचं? तिला काय वाटलं असतं!”

म्हणजे ते विसरणं नव्हतं, जपणं होतं. जिवंत माणसाला दुखवायचं नाही म्हणून मेलेल्या माणसाचं नाव घरातून हळूच पुसलं गेलं. आनंदीने पदवीसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र हाच होता. ती जगती, तर तिच्या हाताखाली शिकलेल्या किती जणी गावोगाव पोचल्या असत्या, हा विचार तेव्हा मनात आल्याशिवाय राहिला नाही.

मग मी शोधायला लागले. कुलवृत्तांतात आजोबांच्या नावापुढे दोन लग्नांची नोंद आहे, पण पहिलीपुढे सासरचं नाव आणि ‘निवर्तली’ एवढंच. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आजोबांची सही आहे, तिचं नाव नाही. शेवटी उपयोगी पडला तो माळ्यावरचा पितळी तांब्या. त्यावर तिच्या वडिलांचं नाव आणि गाव कोरलेलं होतं. लग्नातलं भांडं! चुलतभावाने त्या तालुक्याच्या तहसील कार्यालयात अर्ज करून गाव नमुना १४, म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंद काढली. मोडीतली ती ओळ एका जाणकाराने वाचून दिली. बापाचं नाव, तारीख आणि पुढे फक्त ‘मुलगी’. तेव्हा बारसं व्हायच्या आधीच नोंद व्हायची, त्यामुळे बाळाचं नाव बहुतेक नसेच.

आनंदीची ‘यमुना’ आपल्याला ठाऊक आहे. माझ्या आजीची ‘यमुना’ कोण, ते अजून सापडलेलं नाही.

पितृपक्षात अविधवा नवमी येते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचं ते श्राद्ध. त्यातही नाव आणि गोत्र उच्चारावं लागतं. ही प्रथा कुणी पाळो न पाळो, त्यामागची गोष्ट मला पटते. गेलेल्या माणसाची आठवण नावानेच काढायची असते.

इथल्या शाळांमध्ये मुलांना वंशवृक्षाचा प्रकल्प देतात. आपण ऑनलाइन वंशावळीही करतो. त्यात लहानपणी गेलेला काका, बाळंतपणात गेलेली पणजी, पहिली बायको यांच्यासाठी एक चौकट ठेवा. भारतात ऐंशी-नव्वदीची जी माणसं आहेत, त्यांना या रविवारच्या फोनवर तब्येतीनंतर एवढंच विचारा: तिचं माहेरचं नाव काय होतं, कुठल्या गावची, कशाने गेली? भांड्यांवरची नावं वाचून घ्या, फोटो काढा. उत्तर देणारी माणसं थोडीच उरली आहेत.

आमच्या झाडावर आजीची चौकट आता आहे. सासरचं नाव, बापाचं गाव, जन्मतारीख, ‘बाळंतरोग’. एक ओळ रिकामी आहे. नात मोठी झाली की ती विचारेलच.