दोन चुलींचे घर

पुण्याच्या पश्चिमेस असलेले कोथरूड हे एके काळी शेतीवाडीचे लहानसे गाव होते. आज तेथे उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. या इमारतींचा पाया खणणारे, विटा वाहणारे आणि भिंतींना गिलावा करणारे हात बहुतांशी परगावचे होत. पोटासाठी गाव सोडून आलेल्या अशा माणसांना आपण स्थलांतरित म्हणतो. परंतु गाव सोडणे म्हणजे घर तोडणे नव्हे. या माणसांची एक चूल शहरात पेटते, तर दुसरी गावाकडे. या दोन चुलींचे नाते किती घट्ट आहे, हे संकटकाळी कळते.

त्यांचा एरवीचा दिवस कसा असतो? सकाळी भाकरी बांधून घेऊन नवराबायको मजुरांच्या नाक्यावर उभी राहतात. काम मिळाले तर मजुरी; नाही तर रिकाम्या हाताने परत. राहण्यास पत्र्याची खोली, नाही तर बांधकामाच्या आवारातच एखादे खोपटे. भाडे आणि किराणा भागवून जे उरेल, ते गावी जाते. म्हाताऱ्या आईचे औषध, धाकट्या भावाची फी, पेरणीचे बियाणे या साऱ्यांची मदार त्यावर असते. गावाहून उलट ज्वारीचे पोते येते. पूर्वी हा धागा पत्राचा व मनिऑर्डरचा होता. आता तो मोबाइलचा आहे.

१९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, दावणीची जनावरे विकावी लागली. सरकारने खडी फोडण्याची, रस्त्यांची, पाझर तलावांची कामे काढली. त्या अनुभवातूनच पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. तरीही दुष्काळी भागांतील अनेक कुटुंबांना पुण्याची वाट धरावी लागली. कोणी दगडखाणीत, कोणी बांधकामावर, तर कोणी कागदपत्रा वेचून दिवस काढले. आधी आलेल्याने मागून आलेल्या भावकीला आपल्या खोपटात जागा दिली. त्या वेळी शहरातील चुलीने गावाकडच्या चुलीला आधार दिला.

२०२० साली उलटे घडले. करोनाच्या साथीमुळे २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. नाके ओस पडले. मजुरी थांबली, भूक मात्र थांबली नाही. पाच रुपयांच्या शिवभोजन थाळीने आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिलेल्या शिध्याने अनेकांचे दिवस निभावले. पण गावाहून सारखा निरोप येई, "असशील तसा निघून ये." रेल्वे आणि एस. टी. बंद होती, म्हणून कित्येकजण पायीच निघाले. १ मेपासून श्रमिकांसाठी खास गाड्या सुटू लागल्या, तेव्हा परप्रांतीयांना आपले गाव गाठता आले. अनेक ठिकाणी परतलेल्यांना प्रथम गावच्या शाळेत वेगळे ठेवीत. लेकासाठी आणलेली भाकरी फाटकाशी ठेवून आई दूर उभी राही. त्या वेळी गावाकडची चूल शहरातल्या लेकरासाठी पेटली.

टाळेबंदी उठली आणि त्यांतील बरेचजण पुन्हा कामावर आले. आपल्या घराजवळ एखादी इमारत उभी राहत असेल, तर तेथील गवंडीकाकांना त्यांच्या गावाचे नाव विचारा. तेथे त्यांची वाट कोण पाहत आहे, हेही विचारा. त्यांना सांगण्यासारखे पुष्कळ असते. विचारणारेच थोडे असतात.