खोपा कोण विणतं?

भाकऱ्या थापणं चालू असेल, निवडणं-टिपणं चालू असेल, तर हात चालू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज एका प्रश्नापासून सुरुवात करू. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबतात ना? ते कोण विणतं?

"सुगरण!" असंच तुम्ही म्हणाल. नावच तसं आहे, म्हणून आपण धरून चालतो की विणणारी मादीच. पण पाऊस सुरू झाला की एकदा त्या झाडापासून थोडं लांब, गप बसून बघा. पिवळ्या डोक्याचा पक्षी चोचीत गवताची लांब पाती घेऊन येतो, फांदीला गाठ मारतो, विणत जातो. तो नर असतो. खोपा अर्धा झाला की मादी येऊन पारखते. पसंत पडला तर राहते, आणि मग नर उरलेला खोपा पुरा करतो. पसंत नाही पडला तर ती निघून जाते. काही खोपे अर्धवट लोंबताना दिसतात, ते त्यामुळेच.

लहानपणापासून आपण खोपे बघतो. पण नाव ठाऊक होतं, म्हणून नीट बघायचं राहून गेलं. घरातल्या माणसांचं, कामांचं आणि वस्तूंचंही असंच होतं. "हा हंडा, ही सासू, हे रोजचं काम" असं म्हटलं की डोळे पुढे सरकतात.

चित्र काढणारा माणूस इथेच वेगळा असतो. तो नाव घटकाभर बाजूला ठेवतो. पान हिरवंच असतं असं आपण म्हणतो, पण कडुनिंबाची नवी पालवी तांबूस असते, हे त्याला दिसतं. त्यासाठी वेगळे डोळे लागत नाहीत. थोडं थांबावं लागतं, आणि थांबायची सवय लावून घेता येते.

आता तुम्ही म्हणाल, याचा आणि कृतज्ञतेचा काय संबंध? शब्दच बघा. 'कृत' म्हणजे केलेलं, आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. कुणी काय केलं ते जाणतो, तो कृतज्ञ. म्हणजे आभार नंतर, आधी जाणणं. आणि बघितल्याशिवाय जाणणार कसं?

आपल्या जुन्या माणसांना हे माहीत होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतात. त्याच्या खांद्याला हळद आणि लोणी किंवा तूप लावून चोळतात. बैलाला लांबून नुसता हात जोडला असता तरी चाललं असतं. पण वर्षभर जू कुठे घासलं ते कुणीतरी बघितलं, आणि हात नेमका तिथेच ठेवला. खरी कृतज्ञता अशी नेमकी असते.

बघण्याची अशी दुसरी शाळा आहे पालघर जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर. घराच्या कुडाच्या भिंती शेणामातीने सारवायच्या, गेरू लावायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चित्रं काढायची. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्नघरातला देवीचा चौक काढायचा मान सवाशिणींचा. गोल, त्रिकोण, चौकोन आणि रेघा, एवढ्यावरच सगळं उभं राहतं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस झाला! पुढे जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर आणि कापडावर चित्रं काढून ही कला जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रात काय काय असतं बघा. पाणी आणणारी बाई, भात कांडणाऱ्या दोघी, लावणी, मासेमारी, कोंबड्या, मुंग्यासुद्धा. ज्या कामाला आपण 'रोजचंच' म्हणून सोडून देतो, त्याला तिथे भिंतीवर जागा मिळते.

आपणही अशी सवय लावू शकतो. तीन गोष्टी करून बघा.

पहिली. घरातली एक वस्तू समोर ठेवा, तांब्या म्हणा, खुरपं म्हणा. मुलाच्या वहीचं मागचं पान आणि पेन्सिल घ्या. कागदाकडे न बघता, फक्त वस्तूकडे बघत तिची कड हळूहळू काढत जा. चित्र वेडंवाकडं येईल, हसू येईल, येऊ द्या. हात सावकाश चालतो म्हणून डोळाही सावकाश चालतो. तांब्याचा पोचा, खुरप्याची झिजलेली मूठ तेव्हा दिसते. ती मूठ कुणाच्या हाताने झिजली, हे आपोआप मनात येतं.

दुसरी. जेवताना एका भाकरीमागचे हात मोजा. पेरणारा, खुरपणारी, कापणी-मळणी करणारे, गिरणीवाला, पाणी भरणारी, सरपण आणणारी, थापणारी. घरातल्या पोरांनाही मोजायला लावा.

तिसरी. आठवड्यातून एकदा एका माणसाला नेमकं सांगा. नुसतं "बरं झालं" नको. "तू पहाटे पाणी भरून ठेवलंस, म्हणून मी वेळेवर खुरपायला पोचले," असं.

पण एक सावधगिरी. "आहे त्यात समाधान मान, उपकार मान," असं सांगून बाईला गप्प बसवलं जातं. कृतज्ञता म्हणजे ते नव्हे. नीट बघायला लागलं की चांगलं दिसतं, तसा अन्यायही दिसतो. दोन्ही बघायचं.

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही ज्वारीचे दाणे घेऊन बसलो. दिवसातल्या कामाच्या एका तासाला एक दाणा. एक ताई आधी म्हणत होती, "मी काही करत नाही, घरीच असते." दाणे मांडता मांडता पंधरा झाले. ती बराच वेळ त्या रांगेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या आईनंही असंच केलं असेल. तिला मी कधी काही बोलले नाही." त्या संध्याकाळी तिने आईला फोन केला. आणि दुसऱ्या दिवशी तेच दाणे घरात नवऱ्यापुढे आणि पोरांपुढे मांडले. आता संध्याकाळचं पाणी थोरला मुलगा भरतो. आईचे आभार आणि स्वतःच्या कामाची किंमत, दोन्ही तिला एकाच रांगेत दिसलं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना बचतीच्या पुस्तकाबरोबर आणखी एक गोष्ट आणा. रोज समोर होती, पण या आठवड्यात पहिल्यांदाच दिसली, अशी. वस्तू असो, माणूस असो, नाहीतर तुमचं स्वतःचंच एखादं काम. प्रत्येकीने दोन वाक्यांत सांगायचं, बाकीच्यांनी मधे न बोलता ऐकायचं. आणि जमलं तर पहिल्या पावसानंतर विहिरीवरच्या त्या बाभळीकडे एक चक्कर मारा. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.