पाऱ्याचा परतीचा रस्ता

सीएफएलचा दिवा जातो, पण आतला पारा जात नाही. नळीत तो काही मिलिग्रॅमच असतो. वीज खेळू लागली की त्याच्या वाफेतून अतिनील किरणं निघतात आणि काचेच्या आतली पांढरी पूड त्यांचा उजेड करते. नळी फुटली, की तीच वाफ घरात.

दिव्यांतून पारा परत मिळवणारं यंत्र म्हणूनच बंदिस्त असतं. आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी, त्यामुळे फट राहिली तरी हवा आत येते, बाहेर पडत नाही. सरळ ट्यूबलाइटची दोन्ही टोकं कापून हवेच्या झोताने पूड बाहेर काढता येते. पिळाच्या सीएफएलमध्ये झोत चालत नाही. ती आतच चुरून काच, धातू, प्लास्टिक आणि पूड वेगळी करतात. बाहेर सोडायची हवा कार्बनच्या गाळणीतून जाते. पूड तापवतात. पारा 357 अंश सेल्सियसला उकळतो. त्याची वाफ थंड केली की चकचकीत थेंब साचतात. उरलेल्या पुडीत इट्रियम, युरोपियमसारखी मोलाची द्रव्यंही असतात.

या यंत्रापर्यंत दिवा पोचतो कसा, हा खरा प्रश्न. 1 ऑक्टोबर 2016 ला लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पाऱ्याचे दिवे परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. त्यानंतर दहाच दिवसांनी तेलंगणातल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. कचेऱ्या जवळ आल्या, पण तिथल्या बेला किंवा जैनथच्या माणसाला दिवा परत द्यायची जागाही तितकीच जवळ हवी. माझ्या मते ती जागा म्हणजे बल्ब विकणारं दुकान. नवा एलईडी देताना दुकानदाराने एलईडीच्याच खोक्यात जुनी सीएफएल अख्खी परत घ्यावी आणि अशी खोकी साठली की कंपनीने ती न्यावीत. भंगारात टाकलेली नळी वाटेतच फुटते. पारा पाण्यात उतरला की माशांत साचतो. जपानच्या मिनामाताने त्याची भयंकर किंमत मोजली. त्याच गावाच्या नावाच्या कराराने सीएफएलला 2025, तर ट्यूबलाइटला 2027 ची मुदत घातली आहे. ती नव्या मालाला. माळ्यावरच्या जुन्या दिव्यांचं आपल्यालाच बघावं लागेल.

घरात सीएफएल फुटलीच, तर पोरांना बाहेर काढा, पंखा बंद करा, खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबा. झाडू फिरवू नका. जाड पुठ्ठ्याने तुकडे उचला, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. बरणीवर ‘पारा’ असं मराठीत आणि तेलुगूत लिहा, म्हणजे पुढे ती हाताळणारा सफाई कामगार सावध राहील.