लाकडाचा पहिला उकाडा

आमचा धंदा धान्याचा. तेव्हा लाकडाच्या लगद्याविषयी आम्ही लिहावे, याचे सभासद बंधूंस नवल वाटेल. परंतु बेळगावात आयुष्य गेलेल्या आम्हांस उकडा तांदूळ परका नाही. भात भिजवून, वाफवून, वाळवून मगच गिरणीत घालतात. रेयॉनच्या धाग्यासाठी लाकडाचेही काहीसे तसेच करतात.

हरिहरनजीक कुमारपट्टणम येथे तुंगभद्रेकाठी नीलगिरीपासून असा लगदा होतो. लाकडात सेल्युलोजबरोबर हेमिसेल्युलोज हा शर्करांनी बनलेला भाग असतो. कागदाला तो उपकारक, धाग्याला अडचणीचा. तेथे सेल्युलोज शेकडा ९० हून अधिक लागते. म्हणून क्षारात शिजविण्यापूर्वी लाकडाच्या कपच्यांस सुमारे १६० ते १७० अंश सेल्सिअसची वाफ देतात. आम्ल बाहेरून घालावे लागत नाही, हे वाचून आम्ही थक्क झालो. लाकडातूनच ॲसेटिक आम्ल सुटते व तेच हेमिसेल्युलोज तोडून झायलोजादी शर्करा पाण्यात उतरविते.

हे काम बहुधा घाण्याघाण्याने चाले. अखंड चालणाऱ्या उंच पात्रात कपच्या वरून पडतात आणि तळाशी लगदा निघतो. नॉर्वेच्या योहान रिक्टर यांनी १९३८ च्या सुमारास स्वीडनमध्ये तसे पात्र चालवून दाखविले. पण त्यात हा पहिला उकाडा बसविणे जिकिरीचे ठरले. तापल्या आम्लात लिग्निनचा काही भाग चिकट होतो, जाळ्या तुंबतात. घाण्याचे पात्र रिकामे करून धुता येते. अखंड प्रवाह अडला की कारखानाच थांबतो.

आणि त्या शर्करायुक्त पाण्याचे काय? पुष्कळ ठिकाणी ते काळ्या द्रावाबरोबर भट्टीत जळते. व्यापाऱ्याच्या जिवाला हे लागते. अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने १९२२ पासून ओटच्या टरफलांतील अशाच शर्करांपासून फर्फ्युरल काढून विकले. आम्ही मात्र मक्याची बुरकुंडे वर्षानुवर्षे बंबासाठी फुकट वाटली! एकदा तर जागा अडते म्हणून ती उचलून नेणाऱ्यास वर गाडीभाडेही दिले.

आता चिरंजीव बुरकुंडांपासून फर्फ्युरल काढण्याचा लहानसा कारखाना घालू म्हणतात आणि वखारीवर कर्ज मागतात. शर्करेचे पाणी ओढ्यात गेले तर कुजून पाण्यातला प्राणवायू खाते, मासळी मरते. ते पाणी कोठे जिरविणार, याचा आराखडा आम्ही त्यांच्याकडे मागितला आहे. तो येईपर्यंत वखारीची कागदपत्रे आमच्या तिजोरीत आहेत.