छपरावरचा पाऊस कुणाचा?

मागच्या वेळी आपण मालकी या कल्पनेबद्दल बोललो. एखादी वस्तू 'माझी' आहे म्हणजे नेमकं काय, एवढाच तो प्रश्न होता. आज तोच प्रश्न आपण अंगणात आणू. आपल्या घरावर पाऊस पडतो, तो कुणाचा? आणि त्याच्याबरोबर जी माती वाहून जाते, ती कुणाची?

सातारा-सांगलीकडच्या माणसाला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात पूर्वेला माण तालुक्यात तो कसाबसा ५०० च्या आसपास असतो. शेजारी सांगलीच्या आटपाडीतही तीच गत. ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि आपण त्यांच्या सावलीत राहतो. बरं, हा थोडका पाऊसही सावकाश येत नाही. वळवाच्या दोन-चार सरी आणि परतीचा पाऊस, त्यात निम्मंअधिक उरकतं.

पण थोडका म्हणजे किती, याचा हिशेब करून बघा. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ५० चौरस मीटरचं पत्र्याचं छप्पर धरा, म्हणजे साडेपाचशे चौरस फुटांच्या आतलं साधं घर. ५०० मिलिमीटर पावसात त्यावर २५,००० लिटर पाणी पडतं. गळती-बिळती वजा केली तरी २०,००० हाती लागावं. आता मातीचं बघा. एका गुंठ्यावरून मातीचा १ मिलिमीटर थर गेला तर सव्वाशे किलोच्या वर माती गेली. डोळ्यांना ते दिसतसुद्धा नाही. आणि एक सेंटिमीटर माती नव्यानं तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

आमचीच फजिती सांगतो. निवृत्तीनंतर आम्ही खटावाकडचं जुनं घर दुरुस्त केलं. चिखल नको म्हणून सगळ्या अंगणात कोबा केला, गेटाकडे छान उतार दिला. पहिलाच वळीव झाला आणि आमचं अंगण दहा मिनिटांत कोरडं! आम्ही खूष. दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला राहणाऱ्या भावकीतल्या वहिनी दारात आल्या. म्हणाल्या, "भावजी, तुमच्या अंगणातलं पाणी तुमच्यापाशीच ठेवा की. आमच्या परड्यातली माती घिऊन गेलं." जाऊन पाहिलं तर मेथीचा वाफा ओढ्याच्या वाटेला लागलेला. उभा जन्म आम्ही नीतिशास्त्र शिकवलं, आणि आमचं पाणी शेजाऱ्याचं काय करतं, हा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता.

कायदा काय म्हणतो? १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला. तो म्हणतो की ठरावीक प्रवाहात नसलेलं आपल्या जमिनीवरचं आणि जमिनीखालचं पाणी आपल्या हद्दीत साठवण्याचा, वापरण्याचा मालकाला हक्क आहे. वरच्या जमिनीतलं पाणी नैसर्गिकपणे खाली वाहत असेल, तर खालच्यानं ते वाहू द्यावं, असंही म्हणतो. 'नैसर्गिकपणे' हा शब्द नीट ऐका. कोब्यावरून सुसाट सुटलेलं पाणी नैसर्गिक म्हणायचं का? कायदा हक्काची हद्द आखतो, पण पाण्याला सातबारा वाचता येत नाही.

त्याच सुमाराला, १८८३ साली, महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, म्हणजे याच दुष्काळी पट्ट्यातलं. सरकारनं फौजेतल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या हातांकडून जागोजाग ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचं पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्या-नाल्यांना मिळेल, अशी सूचना त्यांनी त्यात केली. क्रम लक्षात घ्या. आधी मुरणं, मग वाहणं. पुढच्या काळातलं पाणलोटाचं सगळं शास्त्र याच क्रमावर उभं आहे. आपल्या घरालाही तोच लागू पडतो.

मग करायचं काय? पहिलं काम फुकटचं. जोराच्या पावसात छत्री घेऊन अंगणात फिरा. पाणी कुठून येतं, कुठून जातं, जाताना किती गढूळ असतं, ते पाहा. गढूळ पाणी म्हणजे चाललेली माती.

दुसरं, वेग मोडा. उताराला आडवी, एका पातळीत दगडांची बुटकी ताल घाला. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी पातळी धरायला पुरते. तालीच्या कडेनं वाळा किंवा गवती चहा लावा, मुळं माती धरून ठेवतात. पण सांडवा विसरू नका. जास्तीच्या पाण्याला दगड लावलेली वाट ठेवली नाही, तर ते ताल फोडून स्वतःची वाट करतं.

तिसरं, छप्पर. पन्हळ लावा. पहिल्या पावसाचं पाणी धूळ-पाचोळा धुऊन येतं, ते सोडून द्या. नंतरचं टाकीत घ्या. टाकीला झाकण आणि जाळी हवी, नाहीतर डास होणारच. टाकी भरून सांडलेलं पाणी झाडाच्या आळ्यात किंवा खड्ड्यात जाऊ द्या. मात्र न गाळलेलं पाणी थेट बोअरमध्ये कधीही सोडू नका. जमिनीखालचं पाणी एकदा नासलं की ते धुता येत नाही.

चौथं, न्हाणी-मोरीचं सांडपाणी. त्याला चार फूट लांब, रुंद, खोल शोषखड्डा पुष्कळ घरांना पुरतो. तळाला मोठे दगड, वर बारीक. पाणी आत येतं तिथे भोकं पाडलेलं मडकं ठेवा, म्हणजे केरकचरा त्यात अडकेल. ते अधूनमधून साफ करा. खड्डा घराच्या पायापासून आणि पिण्याच्या विहिरीपासून लांब असू द्या. काळ्या जमिनीत जास्त सांभाळा, कारण ती फुगते आणि पाणीही लवकर मुरवत नाही. मुरूम लागतो तिथे काम सोपं. संडासाचं पाणी यात घालायचं नाही.

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. हे सगळं करून मुरलेलं पाणी आपल्याच विहिरीला येईल का? सांगता येत नाही. खडकाच्या भेगा जिथे नेतील तिथे ते जाईल. कदाचित वहिनींच्या आडाला. मग आपण का मुरवायचं?

याचं उत्तर सांगली जिल्ह्यात एकदा दिलं गेलं आहे. १९८२ च्या संपानंतर मुंबईचे गिरणी कामगार खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावी परतले, तेव्हा तिथे दुष्काळ होता. मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर तिच्यात होते, अभियंते के. आर. दाते यांची तांत्रिक मदत होती. येरळा नदीतली वाळू उपसून बाहेर जात होती, आणि नदीचं पाणी धरून ठेवते ती वाळूच. लोकांनी त्या उपशाला विरोध केला. मग मोजकी वाळू विकून आणि श्रमदानानं बलवडी-तांदूळवाडीला बळीराजा धरण बांधलं. धरण छोटंच, पण नियम मोठा: पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरावर नाही, तर घरटी. भूमिहीनालासुद्धा. म्हणजे पाणी जमिनीच्या मालकीला चिकटलेलं नाही, ते माणसाच्या जगण्याला चिकटलेलं आहे.

अलीकडे पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये २०१६ साली कोरेगाव तालुक्यातलं वेळू आणि २०१८ साली माणमधलं टाकेवाडी पहिलं आलं. गावं श्रमदानाला उतरली की काय होतं ते दिसलं. पण अडवणं हा अर्धाच धर्म आहे. सगळ्यांनी मिळून मुरवायचं आणि एकानं खोल बोअर मारून उपसायचं, यात श्रम सामाईक आणि लाभ खाजगी होतो. पाणी अडवायला फावडं लागतं. वाटायला संयम लागतो, आणि तो फावड्याहून जड आहे.

आम्ही कोबा निम्मा फोडला. गेटापाशी ताल घातली, सांडवा वहिनींच्या परड्यापासून लांब काढला. त्यांची मेथी आता जागेवर असते. आमच्या आडाला पाणी वाढलं का, असं लोक विचारतात. थोडं वाढल्यासारखं वाटतं, पण ते आमच्या खड्ड्यानं की वरच्या आळीतल्या चार घरांच्या, कोण सांगणार? आणि सांगता येत नाही, हेच बरं आहे.

पुढच्या वेळी आपण 'सामाईक' या शब्दाचा विचार करू. तोवर एक पाऊस छत्री घेऊन बघून या.